औषधशोधनाची विद्या : परळ ते नाशिक

इ. स. १८९९ मध्ये नाशिकजवळील भगूर गावी प्लेगची साथ आली. त्या साथीत दामोदरपंत सावरकर व त्यांचे बंधू असे दोघेही अगदी थोड्या अंतराने मृत्युमुखी पडले, ही गोष्ट स्वातंत्र्यवीर सावरकरांचे चरित्र वाचणाऱ्यांस ठाऊक आहे. परंतु ते दुःख एका घरापुरते नव्हते. आपल्या ज्ञातीतील जुन्या घराण्यांत वंशावळी जपून ठेवलेल्या आहेत. त्या चाळल्या तर त्या चार-पाच वर्षांत किती शाखा एकाएकी खुंटल्या, हे सहज ध्यानात येईल. घरात उंदीर पडला की माणसांनी चूल विझवावी, गाव सोडून रानात झोपडी बांधावी आणि परमेश्वरावर भार टाकून बसावे, एवढाच उपाय त्या काळी सामान्य माणसाच्या हाती होता.

त्याच वर्षी ऑगस्ट महिन्याच्या १० तारखेस मुंबईत परळ येथील जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेग संशोधनाच्या प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले. आज तिला आपण हाफकिन संस्था म्हणून ओळखतो. तेथे प्लेगची लस तयार होत होती. मात्र लस ही रोग होऊ नये म्हणून असते. ज्यास रोग जडला त्यास वाचविणारे औषध त्या वेळी जगात कोठेही नव्हते. ते आपल्या हाती येण्यास चाळीस वर्षांहून अधिक काळ लागला. हा काळ औषध तयार होण्यात गेला, असे म्हणण्यापेक्षा औषध शोधणारी माणसे तयार होण्यात गेला, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल. ही माणसे कशी घडली, त्यांच्या शिक्षणाचा भार कोणी वाहिला आणि त्यापासून आपल्या संघाने काय बोध घ्यावा, याचा विचार करण्याचे प्रस्तुत लेखात योजिले आहे.

प्रारंभ खुद्द हाफकिन यांच्यापासूनच करू. वाल्देमार हाफकिन हे ओडेसा येथील ज्यू कुटुंबातील. तेथील विद्यापीठात मेच्निकोव्ह हे त्यांचे गुरू. पुढे मेच्निकोव्ह पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गेले, तेव्हा गुरूच्या सान्निध्यात राहावयास मिळावे म्हणून या शिष्याने १८८९ मध्ये त्या संस्थेत साहाय्यक ग्रंथपालाची जागा पत्करली. विज्ञानातील पदवी हाती असलेला मनुष्य पुस्तके मांडीत होता आणि उरलेल्या वेळी प्रयोग करीत होता. १८९६ च्या ऑक्टोबरात मुंबईत प्लेगचा वणवा पेटला असता हेच हाफकिन येथे आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एक ओसरीवजा जागा, एक कारकून आणि तीन शिपाई एवढा त्यांचा संसार. असे असूनही तीन महिन्यांत लस सिद्ध झाली आणि १० जानेवारी १८९७ रोजी तिची पहिली मात्रा त्यांनी स्वतःस टोचून घेतली. लोकांस ही तीन महिन्यांची कामगिरी दिसते. तिच्या पाठीमागे असलेली ग्रंथालयातील वर्षे दिसत नाहीत.

औषधशोधनाची विद्या केवळ ग्रंथ वाचून येत नाही, याचे दुसरे उदाहरण जर्मनीतील आहे. पाउल एर्लिख या शास्त्रज्ञाने पाहिले की काही रंग जंतूंस चिकटतात आणि आसपासच्या पेशींस चिकटत नाहीत. त्यावरून त्याने तर्क केला की जंतूस नेमके गाठून मारील आणि रोग्यास इजा करणार नाही, असे रसायनही असले पाहिजे. उपदंशावर असे रसायन शोधण्यासाठी त्याच्या प्रयोगशाळेत शेकडो पदार्थ सिद्ध झाले. त्यांतील ६०६ क्रमांकाचा पदार्थ १९०७ सालीच तयार झाला होता. पण त्याची पहिली परीक्षा नीट न झाल्याने तो निरुपयोगी म्हणून बाजूस पडला होता. १९०९ मध्ये किटासाटो यांचा शिष्य साहाचिरो हाता हा जपानहून तेथे आला. त्याने जुने पदार्थ एकेक करून पुन्हा पारखले आणि बाजूस टाकलेला तोच पदार्थ गुणकारी असल्याचे सिद्ध केले. पदार्थ तोच, बाटली तीच. फरक होता तो पारखणाऱ्या हाताच्या शिक्षणाचा. हे शिक्षण हाता याने आपल्या गुरूच्या टेबलाशेजारी बसून मिळविले होते.

पुढे १९३२ मध्ये जर्मनीतच गेरहार्ड डोमाक याने प्रॉन्टोसिल या तांबड्या रंगाच्या योगाने उंदरांतील जंतुसंसर्ग बरा होतो, असे पाहिले आणि १९३५ मध्ये ते प्रसिद्ध केले. त्याच वर्षी पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील मंडळींनी दाखवून दिले की गुण त्या रंगाचा नसून त्यातील सल्फानिलामाइड या बिनरंगी अंशाचा आहे. सल्फा औषधांचे युग येथून सुरू झाले. रंगाच्या रसायनशास्त्रातून औषधाचे रसायनशास्त्र कसे जन्मास आले, हे या हकीकतीवरून कळते. हा संबंध ध्यानात ठेवला म्हणजे आपल्या मुंबईत काय घडले, त्याचा अर्थ उलगडतो.

मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग १ ऑक्टोबर १९३३ रोजी सुरू झाला. त्याचा मूळ हेतू औषधांचा नव्हता. मुंबई ही गिरण्यांची नगरी. सूत धुणे, रंगविणे व छापणे यांचे शास्त्र जाणणारे पदवीधर गिरण्यांस हवे होते. म्हणून वस्त्ररसायन आणि रासायनिक अभियांत्रिकी हे दोन अभ्यासक्रम तेथे आरंभी शिकविले जात. १९३८ मध्ये डॉ. के. वेंकटरामन हे त्या विभागाचे पहिले भारतीय संचालक झाले. रंगांच्या रसायनशास्त्रात त्यांचा अधिकार जगाने मानलेला होता. तथापि त्यांचे मोठे कार्य म्हणजे त्यांनी घडविलेली शिष्यपरंपरा होय. त्या काळी संशोधनाची पदवी घेण्यासाठी विलायतेस जावे लागते, अशी समजूत होती. ती पदवी माटुंग्यास राहूनही मिळविता येते, हे त्यांच्या विद्यार्थ्यांनी दाखवून दिले. नित्या आनंद हे त्यांच्याकडे संशोधन करून १९४८ साली पीएच.डी. झाले, मग केंब्रिज येथे गेले आणि परत येऊन लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत त्यांनी उभे आयुष्य वेचले. सेंटक्रोमन हे संततिनियमनाचे औषध त्या संस्थेच्या संशोधनातून निघाले आणि १९९१ मध्ये ते लोकांपर्यंत पोहोचले. दुसरे शिष्य कारंज्याचे बाळ दत्तात्रेय टिळक. वेंकटरामन १९५७ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक झाले आणि १९६६ मध्ये त्यांच्यानंतर त्याच आसनावर टिळक आले. गुरूमागून शिष्याने एक संस्था सांभाळावी, हा योग आपल्या संगीताच्या घराण्यांत नवा नाही. प्रयोगशाळेतही तो घडला, याचे कौतुक वाटावे.

आता पुन्हा परळकडे वळू. १९३२ मध्ये साहिबसिंग सोखे हे हाफकिन संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले. केवळ लस करून थांबू नये, येथे औषधेही शोधली व तयार केली जावीत, असा त्यांचा आग्रह होता. त्यांनी रसायनज्ञ, औषधशास्त्रज्ञ आणि रोग्यांवर उपचार करणारे डॉक्टर यांस एका कामास जुंपले. सल्फाथायाझोल हे औषध प्लेगवर चालते काय, याचा त्यांनी आधी प्राण्यांवर आणि नंतर रोग्यांवर पद्धतशीर शोध घेतला. १९४१ साली 'इंडियन मेडिकल गॅझेट' या मासिकात त्याविषयीचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यावर चार नावे आहेत : वागळे, सोखे, दीक्षित आणि गणपती. त्यांपैकी गणपती हे रसायनज्ञ, दीक्षित हे औषधशास्त्रज्ञ, वागळे हे रोग्यांच्या खाटेजवळ उभे राहणारे डॉक्टर आणि सोखे हे सर्वांस एकत्र बांधणारे. भगूरच्या साथीनंतर बेचाळीस वर्षांनी प्लेगच्या रोग्यास 'हा वाचू शकेल' असे म्हणण्याचे बळ आले, ते या चार निरनिराळ्या विद्यांच्या संगमाने. यांतील एकही विद्या वजा केली असती तर उरलेल्या तिन्ही पंगू ठरल्या असत्या.

या चौघांतील डॉ. भालचंद्र बाबाजी दीक्षित यांची माहिती आपल्या तरुणांनी मुद्दाम करून घ्यावी. वैद्यकाची पदवी झाल्यावर दवाखाना थाटून बसणे त्यांस कठीण नव्हते. ते न करता त्यांनी एडिंबरो येथे संशोधन करून पीएच.डी. मिळविली. मेंदूतील झोपेच्या केंद्रावर ॲसिटिलकोलिन या द्रव्याचा काय परिणाम होतो, यासंबंधीचे त्यांचे काम १९३४ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे ते हाफकिन संस्थेत आले, नंतर पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजाचे प्राचार्य झाले आणि १९५६ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे पहिले संचालक झाले. स्वतः शिकले, मग संशोधन केले आणि अखेर शिकविणाऱ्यांची संस्था उभी केली, असा हा क्रम आहे.

येथे एका भगिनीचे स्मरण करणे अगत्याचे आहे. कमला भागवत, विवाहानंतरच्या कमला सोहोनी, या १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन बंगलोरच्या विज्ञान संस्थेत संशोधनासाठी गेल्या. संस्थेचे संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी त्या स्त्री असल्यामुळे प्रथम प्रवेश नाकारला. कमलाबाई मागे हटल्या नाहीत. तेव्हा एक वर्ष काम पाहून मग विचार करू, अशा अटीवर त्यांस घेण्यात आले. त्या वर्षाच्या कामाने संचालकांचे मत पालटले आणि त्या संस्थेची दारे स्त्रियांस उघडली. त्यांनी १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळविली. वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी हे द्रव्य असते, हा त्यांचा शोध. १९४७ नंतर मुंबईच्या विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्र शिकवीत असता त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांकडून नीरा, डाळी आणि तांदूळ यांच्या पोषणमूल्यांवर काम करून घेतले. कुपोषित मुलांस नीरेने लाभ होतो, हे त्यातून दिसून आले. ज्या संस्थेत त्यांनी शिकविले, तिच्याच त्या पुढे संचालक झाल्या. त्यांचे वडील व चुलते दोघेही बंगलोरच्याच संस्थेत शिकलेले रसायनज्ञ होते. घरातील वडीलधाऱ्यांनी मुलीच्या विद्येचे मोल जाणले होते, म्हणूनच एका नकाराने ती विद्या संपली नाही.

आपल्या वैद्यांच्या परंपरेचाही येथे विचार केला पाहिजे. पंचवटीत आणि गोदाकाठी पिढ्यान्‌पिढ्या चिकित्सा करणारी वैद्यघराणी होती व आहेत. सर्पगंधा ही वनस्पती अशा घराण्यांस अपरिचित नव्हती. १९४९ मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या पन्नास रोग्यांवर तिचा पद्धतशीर प्रयोग केला आणि तो 'ब्रिटिश हार्ट जर्नल' मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा सर्व जगाचे लक्ष तिकडे वळले. त्या मुळीतील रिसर्पिन हे गुणकारी द्रव्य मात्र १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या प्रयोगशाळेत वेगळे काढण्यात आले. वनस्पती आपली, अनुभव आपला, रोग्यांवरील परीक्षाही आपली. परंतु द्रव्य ओळखून त्याचे जागतिक औषध करण्याची सिद्धता तेव्हा आपल्यापाशी पुरेशी नव्हती. त्याच सिबा कंपनीने १९६३ मध्ये गोरेगाव येथे आपले संशोधन केंद्र उघडले, आणि विषण्णतेच्या विकारावरील सिंटामिल हे औषध तेथील भारतीय संशोधकांनी शोधले. पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यात डॉ. तिरुमलाचार यांनी १९६१ च्या सुमारास हॅमायसिन हे बुरशीजन्य विकारांवरील प्रतिजैविक शोधले. संधी व साधने मिळाली तर आपली माणसे कोठेही उणी पडत नाहीत, याची ही प्रमाणे आहेत.

पुढील काळात या विद्येचा प्रवाह काहीसा वळला. १९७० चा पेटंट कायदा १९७२ मध्ये अंमलात आला. त्याने औषधाच्या पदार्थावर पेटंट न देता केवळ ते तयार करण्याच्या कृतीवर देण्याचे ठरविले. परदेशी औषध निराळ्या कृतीने येथे स्वस्तात तयार करता येऊ लागले. त्याचे मोल कमी लेखू नये. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीने एड्सवरील तीन औषधांचा वर्षाचा उपचार ३५० डॉलरांत देण्याची तयारी दाखविली, तेव्हा त्यासाठी परदेशी कंपन्या दहा हजार डॉलरांहून अधिक घेत होत्या. हे शक्य झाले ते माटुंगा व पुणे येथे घडलेल्या रसायनविद्येच्या परंपरेमुळे. पण नवा पदार्थ शोधण्यापेक्षा जुन्या पदार्थाची नवी वाट शोधण्यात आमची बुद्धी अधिक खर्ची पडू लागली, हेही खरे. २००५ पासून पदार्थावरील पेटंट पुन्हा लागू झाले आहे. आता नवे औषध हवे असेल तर ते शोधणारी माणसेच हवीत.

हे काम किती धीराचे आहे, ते पाहावे. रोगाचे मर्मस्थान ओळखणे, त्यावर चालणारे रेणू घडविणे, शेकडोंतून एक निवडणे, त्याची मात्रा व विषारीपणा प्राण्यांत तपासणे, मग थोड्या, नंतर शेकडो आणि अखेर हजारो माणसांवर परीक्षा करणे, या सर्वांस दहा ते पंधरा वर्षे लागतात. माणसांवरील परीक्षेपर्यंत पोहोचलेल्या दहा पदार्थांपैकी साधारण एकच औषध म्हणून टिकतो. उरलेले नऊ का पडले, हे समजून घेण्याची सवय अंगी बाणणे म्हणजेच या विद्येचे शिक्षण होय. ते चार वर्षांच्या बी. फार्म. मध्ये पुरे होत नाही. त्यापुढे दोन वर्षे एम. फार्म. आणि चार-पाच वर्षे पीएच.डी. असा मार्ग आहे.

आपल्या नाशिकचे स्थान यात लहान नाही. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची स्थापना १९९८ मध्ये याच नगरात झाली. औषधनिर्माणशास्त्राची महाविद्यालये येथे आहेत. सातपूर, अंबड आणि सिन्नर येथील औद्योगिक वसाहतींत आपल्या ज्ञातीतील मुले-मुली काम करीत आहेत. एक उणीव मात्र जाणवते. वैद्यकाच्या व आयुर्वेदाच्या पदव्या आरोग्य विद्यापीठाच्या, तर औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयांचा संबंध मुख्यतः पुण्याच्या विद्यापीठाशी. त्यामुळे भावी डॉक्टर, भावी वैद्य आणि भावी रसायनज्ञ एकाच गावात शिकूनही एकमेकांस क्वचितच भेटतात. परळचे ते चौघे एका निबंधावर एकत्र आले होते, हे येथे पुन्हा आठवावे.

आता संघाच्या कार्याविषयी दोन शब्द. समाजाने आपल्या मुलांची शिक्षणाची सोय स्वतः करावी, ही नाशिकची जुनी रीत आहे. १९१४ मध्ये मराठा विद्या प्रसारक समाज येथे उभा राहिला. त्याच्या उदोजी मराठा वसतिगृहाच्या इमारतीची कोनशिला १९२० मध्ये राजर्षी शाहू छत्रपतींच्या हस्ते बसली. इतर अनेक ज्ञातींप्रमाणे आपल्या संघानेही हाच कित्ता गिरविला आणि आपल्या विद्यार्थी-साहाय्य निधीमुळे कित्येक घरांत पहिला पदवीधर निपजला. परंतु त्या निधीचा नियम पहिल्या पदवीपाशी येऊन थांबतो. ज्या काळी पदवी हेच शिखर होते, त्या काळी तो नियम योग्यच होता.

काही वर्षांपूर्वी एका सभासदाच्या कन्येचा अर्ज निधी समितीपुढे आला. एम. फार्म. उत्तम रीतीने पुरी करून तिने पीएच.डी. साठी प्रवेश मिळविला होता. तिची शिष्यवृत्ती मंजूर होती. पण पैसे हाती येण्यास काही महिन्यांचा विलंब होता आणि तेवढ्या काळाचा राहण्या-जेवण्याचा खर्च तिच्या वडिलांस झेपणारा नव्हता. तिने साहाय्य मागितले होते तेही परतफेडीच्या बोलीवर. नियमात बसत नाही म्हणून समितीने अर्ज नाकारला. त्या नकारपत्रावर खाली माझीही सही आहे. मुलीने प्रवेश सोडून एका कारखान्यात नोकरी धरली. तिचे चांगले चालले आहे आणि तिची काहीएक तक्रार नाही. तक्रार आहे ती माझीच, माझ्या स्वतःविरुद्ध. हाफकिन यांस ग्रंथालयाची जागा मिळाली, कमलाबाईंस घराचा आधार मिळाला. या मुलीस आधार देण्याचे काम आपले होते आणि आपण नियमाचे पान उघडून दाखविले.

आज चांगल्या विद्यार्थ्यांस सरकारी साहाय्य मिळते, हे खरे. एम. फार्म. साठी पात्रता परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यांस दरमहा १२,४०० रुपये, आणि संशोधनासाठी राष्ट्रीय परीक्षेतून निवडल्या जाणाऱ्यांस २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये अशी शिष्यवृत्ती आहे. परंतु ती सर्वांस मिळत नाही, आणि मिळाली तरी वेळेवर हाती येईलच असे नाही. मुलगी असेल तर याच मधल्या काळात घरातून लग्नाची घाई सुरू होते. मोठ्या देणग्यांचे काम सरकारचे व उद्योगांचे आहे. हे मधले थोडे महिने सांभाळणे मात्र आपल्यासारख्या लहान संघासही शक्य आहे.

म्हणून आगामी वार्षिक सभेपुढे मी तीन गोष्टी नम्रपणे ठेवू इच्छितो. पहिली, विद्यार्थी-साहाय्य निधीचा नियम बदलून पदव्युत्तर व संशोधक विद्यार्थ्यांस शिष्यवृत्ती हाती येईपर्यंत बिनव्याजी साहाय्य द्यावे. दुसरी, दर उन्हाळ्यात आपल्या दोन-तीन विद्यार्थ्यांस मुंबई अथवा पुणे येथील प्रयोगशाळेत काम पाहता यावे, म्हणून तेथील सभासद कुटुंबांनी त्यांची राहण्याची सोय करावी. तिसरी, आपल्या ज्ञातीतील डॉक्टर, वैद्य आणि औषधनिर्माते यांची वर्षातून एक बैठक संघाच्या सभागृहात भरवावी. यास पैसा लागणार नाही, केवळ सतरंजी अंथरावी लागेल.

भगूरच्या त्या घराच्या दाराशी १८९९ साली औषध घेऊन कोणी उभा राहू शकला नाही, कारण तो शोधणारा शिष्य अद्याप घडावयाचा होता. आज असाध्य असलेल्या रोगांचे औषध शोधणारा शिष्य कदाचित आपल्याच एखाद्या घरात अभ्यास करीत बसला असेल. त्याचा किंवा तिचा अर्ज पुढील वर्षी आपल्या समितीपुढे येईल, तेव्हा आपण काय उत्तर देणार, याचा निर्णय सभासद बंधुभगिनींनी करावा, एवढीच विनंती.